वाचकांचे प्रश्न : बचाव प्रशिक्षक होण्याची वाट

प्रश्न : माझा भाचा येथील लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत पदवीच्या वर्गात शिकतो. अमेरिकन फुटबॉलचा त्याला फार नाद आहे आणि पुढे बचाव प्रशिक्षक व्हावे, असे तो म्हणतो. जो स्वतः व्यावसायिक खेळाडू नव्हता, त्याला हे पद मिळते का, आणि तेथवरची वाट कशी असते?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : मिळते. विक फँजिओ हे त्याचे ठळक उदाहरण. १९५८ मध्ये जन्मलेले, पेनसिल्व्हेनियातील डनमोर या लहान गावचे हे गृहस्थ व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नाहीत. गावातील शाळेच्या संघाला शिकवण्यापासून त्यांनी सुरुवात केली, १९८३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघाला मदत करणारा साहाय्यक, म्हणून उमेदवारी केली आणि १९८६ मध्ये ते एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमधील न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे लाइनबॅकर प्रशिक्षक झाले. बचावाच्या तीन फळ्यांपैकी या मधल्या फळीवर त्यांनी नऊ वर्षे मेहनत घेतली; त्यानंतरच, १९९५ मध्ये, मैदानात प्रथमच उतरणाऱ्या कॅरोलायना पँथर्सने संपूर्ण बचावाची सूत्रे, म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचे पद, त्यांच्याकडे सोपवले.

या वाटेवरची पहिली पायरी बहुधा पडद्यावरच्या चित्रफितींची असते. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. म्हणून तिसऱ्या प्रयत्नाला सात यार्ड हवे असताना प्रतिस्पर्धी कोणती रचना लावतो, चेंडू फेकतो की घेऊन धावतो, याची नोंद प्रत्येक चालीमागे करावी लागते. हे काम करणाऱ्याला तेथे क्वालिटी कंट्रोल प्रशिक्षक म्हणतात. पुढे थोर प्रशिक्षक ठरलेले बिल बेलिचिक १९७५ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्स या संघात आठवड्याला २५ डॉलरवर याच प्रकारच्या कामाने सुरुवात करते झाले.

नोकरीची शाश्वती मात्र नाही. मुख्य प्रशिक्षकाला काढले की त्याच्या साहाय्यकांनाही बहुतेक वेळा बिऱ्हाड हलवावे लागते, आणि कुटुंबाने हे आधीच समजून घेतलेले बरे. फँजिओंनाही साठाव्या वर्षी डेन्व्हरच्या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळाले आणि तीन हंगामांनी ते गेले. तरीही कोऑर्डिनेटरचे पद ही वरच्या पदाची केवळ पायरी आहे, असे मला मुळीच वाटत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, त्याच न्यू ऑर्लिन्स शहरात, फँजिओ कोऑर्डिनेटर असलेल्या फिलाडेल्फिया ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०–२२ असे हरवले. त्यांनी कॅन्सस सिटीचा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू (क्वार्टरबॅक) पॅट्रिक महोम्स याच्यावर एकदाही जादा खेळाडू धाडले नाहीत. नेहमीच्या आघाडीच्या फळीनेच त्याला सहा वेळा पाडले आणि बाकीचे खेळाडू मागची जागा राखण्यास मोकळे राहिले. चार दशकांची तपश्चर्या त्या आखणीत दिसते.

आपल्या भाच्याला दोन गोष्टी सांगाव्यात. पदवीनंतर अमेरिकेतील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेता घेता तेथील संघात उमेदवारी मिळवण्याचा प्रयत्न करावा. स्पर्धा कठीण आहे, पण बाहेरच्या माणसाला तोच दरवाजा त्यातल्या त्यात उघडा आहे. आणि तोपर्यंत सामना पाहताना चेंडूमागे नजर न नेता, चेंडू हलण्यापूर्वी अकरा बचावपटू कोठे उभे आहेत हे प्रत्येक चालीगणिक वहीत उतरवून काढावे.