स्प्लिट स्क्रीन : दुभागलेली की दुभंगलेली?

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या कचेरीत संगणक वापरण्याची मराठी पुस्तिका तयार होतेय. मसुद्यात 'स्प्लिट स्क्रीन'ला, म्हणजे एकाच स्क्रीनवर दोन खिडक्या (विंडो) शेजारीशेजारी ठेवण्याला, 'विभाजित पटल' आणि 'मल्टिटास्किंग'ला 'बहुकार्यण' असं लिहून आलंय. वाचून सगळे हसले, पण दुसरा शब्द कुणालाच सुचला नाही. तर काय लिहावं?

लोक हसले ते बरोबरच. 'पटल' मराठीत दोन जागी घट्ट बसलेलं आहे. एक डोळ्यात : नेत्रपटल, आणि त्याचंच झिजलेलं रूप 'पडळ', जे उतारवयात डोळ्यावर येतं. दुसरं विधिमंडळात, जिथे अहवाल पटलावर ठेवतात. त्यामुळे 'विभाजित पटल' वाचलं की एखाद्या विधेयकावर मतविभाजन झालंय असंच वाटतं.

काही जण उत्साहाने 'दुभंगलेली स्क्रीन' लिहितात. ती मोबाइल हातातून निसटल्यावर होते. 'दुभंगणे'त भंग आहे, 'दुभागणे'त भाग. आपल्याला भाग हवेत. आणि हे क्रियापद काही कोशातून उकरून काढायला नको, रस्त्यावरचा 'दुभाजक' रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. दोन खिडक्यांच्या मधली जी उभी रेघ माउसने धरून इकडेतिकडे सरकवता येते, तिला 'दुभाजक' म्हणून पाहा. समजावून सांगावं लागणार नाही.

पण खरी गोष्ट अशी की बोलताना नाम लागतच नाही. मी मुद्रितं तपासतो. डावीकडे लेखकाची पीडीएफ, उजवीकडे वर्ड. भाची सुट्टीत आली होती तेव्हा मी एक खिडकी खाली घेत होतो, दुसरी वर आणत होतो, दर ओळीला तेच. ती म्हणाली, "मामा, बाजूबाजूला लाव ना!" आणि विंडोजचं बटण दाबून डावा बाण दाबला. ही सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. मला ती इतक्या वर्षांनी कळली, ते सोडा. मला आवडलं ते 'बाजूबाजूला लावणे'. तसंच 'खाली घेणे', 'मोठी करणे', 'मागे गेलीय ती पुढे आण'. या कामाचं जवळजवळ सगळं मराठी क्रियापदांत आहे, आणि पुस्तिका लिहिणारे नामं शोधत बसतात.

'खिडकी' लिहावं की 'विंडो'? दोन्ही चालतं, बोलताना 'विंडो'च येतं. पण एकाच खिडकीचे आत भाग पडतात, इंग्रजीत ज्याला 'पेन' (pane, लिहायचं नव्हे) म्हणतात, तिथे मात्र माझा आग्रह आहे. आपल्याकडे 'तावदान' आहे. फारसीतल्या 'ताबदान'वरून आलेला शब्द. 'ताब' म्हणजे प्रकाश, चमक. एक्सेलमध्ये वरची शीर्षकाची ओळ जागच्या जागी रोखून बाकीचा तक्ता सरकवतात, तिथे एका खिडकीची तावदानंच पाडलेली असतात. इंग्रजी 'पेन'चं मूळ लॅटिनमध्ये कापडाच्या तुकड्यात आहे, त्यापेक्षा आपला शब्द उजेडाचा. (जाता जाता : इंग्रजी 'विंडो' मुळात 'वाऱ्याचा डोळा' आणि आपलं 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा. खिडकीला डोळा म्हणायची हौस सगळीकडे सारखी.)

आता 'अर्ध्याअर्ध्यात लाव' या प्रयोगाबद्दल. ऐकायला छान, पण तो फसवतो. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ पिक्सेलांची. तिचं अर्धं म्हणजे ६८३. एवढ्याशा रुंदीत बरीच संकेतस्थळं मोबाइलवरच्यासारखी दिसू लागतात, नाहीतर आडवी सरकवावी लागतात. त्यापेक्षा पान वाढल्यासारखं मांडावं. ताटात चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे, थोडं थोडं, भाजी उजवीकडे, भात समोर. ताटाचे कुणी दोन समान भाग करत नाही. तसंच संदर्भाला अरुंद पट्टा, लिहायला रुंद जागा. दुभाजक सरकवला की झालं. डावीकडच्या पानातली अक्षरं मोठी वाटली तर कंट्रोल आणि वजाचं चिन्ह. याला मी 'डावी बाजू लावणे' म्हणतो. फक्त 'डावं-उजवं कर' असं लिहू नका, त्याचा अर्थ पंक्तिप्रपंच होतो.

रुंदीपेक्षा उंची अधिक महाग, हेही पुस्तिकेत यावं. वर टॅबची पट्टी, तिच्याखाली पत्त्याची, मग बुकमार्कची, तळाला टास्कबार. ७६८ मधलं मजकुराला उरतं किती? क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की बुकमार्कची पट्टी जाते, एफ-११ ने जवळपास सगळंच जातं. या साऱ्यांना 'पट्टी' हा एकच शब्द पुरतो. 'साधनपट्टिका' वगैरे नको, आधीच जागा कमी आहे.

'मल्टिटास्किंग'चं थोडक्यात : मराठीत 'अष्टावधानी' आहे, पण ती माणसाची स्तुती आहे, यंत्राच्या सोयीचं नाव नाही. पुस्तिकेत सरळ 'एका वेळी दोन कामं' लिहा.

तर त्या परिच्छेदाचा माझा मसुदा असा : "वाचायची खिडकी डावीकडे लावा, लिहायची उजवीकडे. मधला दुभाजक धरून डावी खिडकी अरुंद करा. तिसरी खिडकी लागत नसेल तर खाली घ्या." शीर्षक हवंच असेल तर 'दुभागलेली स्क्रीन'. तुमच्या कचेरीत 'तो स्क्रीन' म्हणत असतील तर 'दुभागलेला' करा. माझ्या घरात ती 'ती' आहे.