अन्नधोरणात माशांना स्थान आहे का?

प्रश्न : आमच्या सांगलीच्या बाजारात पाण्याबाहेर तडफडणारे मासे पाहवत नाहीत. अन्नधोरणात त्यांचा विचार होतो का?

उत्तर : फारसा होत नाही, आणि तो व्हायलाच हवा. प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा १९६० चा कायदा मनुष्येतर प्रत्येक सजीवाला प्राणी मानतो, म्हणजे मासाही त्यात येतो. तरीही मत्स्योत्पादनाचे यश आपण टनांतच मोजतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, की पाण्यातला प्राणवायू घटल्याचे समजावे. शेततळ्यात हे दाटीमुळे होते, तर कृष्णेत मळीमिश्रित पाणी किंवा शहराचे सांडपाणी मिसळल्याने. म्हणूनच तळ्यातल्या माशांच्या संख्येवर मर्यादा, मारण्यापूर्वी त्यांना बेशुद्ध करणे आणि नदीचे पाणी जिवंत राखणे, या तिन्ही गोष्टी अन्नधोरणातच याव्यात, असे माझे ठाम मत आहे.