बॉण्डवर सुटलेल्या मुलाला वकिलीची सनद मिळते का?

कायद्याचं शिक्षण संपत आलं की काही मुलं अचानक गप्प होतात. कारण विचारलं तर कधीतरी एक जुनी केस बाहेर पडते. गोव्यातल्या डिचोलीकडचा एक मुलगा असाच आईला घेऊन आला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). एकोणिसाव्या वर्षी जत्रेतून मित्रांसोबत कुणाची तरी स्कूटर पळवली होती. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं चोरीचं कलम 379 लागलं, कोर्टाने दोषी धरलं आणि वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर, म्हणजे हमीपत्रावर सोडलं. आता मुंबईच्या महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करायच्या सनदेच्या अर्जात गुन्ह्याची माहिती भरायची वेळ आली आणि हात थांबला.

मामाचा सल्ला होता, ‘‘नाही म्हणून लिही. मुंबईत बसून डिचोलीची केस कोण शोधणार?’’ आईचा प्रश्न वेगळा होता, ‘‘सोडलाय म्हणजे निर्दोषच ना?’’

निर्दोष नव्हे. खरा घोळ इथेच होतो. खटला निकाली निघाला एवढंच घरच्यांच्या लक्षात राहतं. कसा निघाला ते कागदावर कुणी पाहत नाही. तडजोडीने मिटलेली केस निर्दोष सुटकेसारखीच धरली जाते. पण ‘झंझट नको’ म्हणून गुन्हा कबूल करून दंड भरला, तर ती शिक्षाच. आणि प्रोबेशनमध्ये माणूस आधी दोषी ठरतो, मग तुरुंगाऐवजी बॉण्डवर सुटतो.

म्हणून पहिलं काम सर्टिफाइड कॉपी. मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्यांची झेरॉक्स काढली, तीही फक्त पहिल्या पानाची. उपयोगाचं असतं ते शेवटचं पान, जिथे अंतिम आदेश लिहिलेला असतो. डिचोलीच्या कोर्टात अर्ज करून त्याने पूर्ण निकालपत्र मिळवलं. त्यात ‘प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्ट, 1958, कलम 4’ असा स्पष्ट उल्लेख होता. या एका ओळीने त्याचं प्रकरण फिरलं.

अॅडव्होकेट्स अॅक्ट, 1961 च्या कलम 24अ नुसार नैतिक अधःपतनाच्या (moral turpitude) गुन्ह्यात शिक्षा झालेल्याची वकील म्हणून नोंदणी होत नाही. सुटकेनंतर 2 वर्षं उलटली की ही बंदी संपते. चोरी अशा गुन्ह्यांत सहज बसते. पण त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो की 1958 च्या कायद्याखाली सोडलेल्याला ही बंदी लागूच नाही. आदेशात या कायद्याऐवजी जुन्या (2024 पर्यंतच्या) फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 360 लिहिलेलं असेल, तर मात्र अर्जाआधी फौजदारी वकिलाला दाखवावं, कारण 24अ मध्ये त्याचं नाव नाही.

प्रत्येक दंड म्हणजे अधःपतन असंही नाही. 1996 च्या पवन कुमार खटल्यात दंड संहितेच्या कलम 294 (सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन) खाली 20 रुपये दंड झालेल्या माणसाची नोकरी गेली होती; ती शिक्षा अधःपतनाची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.

मामाचा सल्ला मात्र घातकच. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर पक्षकाराचं नाव टाकून केस शोधता येते. त्याहून मोठं म्हणजे महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून घेतलेली नोंदणी बार कौन्सिल ऑफ इंडिया ही वकिलांची देशपातळीवरची संस्था अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम 26 खाली रद्द करू शकते, मग वकिलीला दहा वर्षं का झालेली असेनात. कायद्याने ज्याला दार उघडं ठेवलंय, त्याने खोटं बोलून ते स्वतःच्या हाताने लावून घ्यावं, याचं फार वाईट वाटतं. खरं लिहूनही नोंदणी समितीला नकार द्यायचा असेल, तर आधी कारणांसह अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे मतासाठी पाठवावा लागतो.

मुलाने पहिल्या मसुद्यात मित्रांची संगत, वय, पश्चात्ताप असं दीड पान लिहिलं होतं. ते काढून चार गोष्टी ठेवल्या: केस नंबर आणि कोर्ट, कलम, आदेशाची तारीख व स्वरूप, बॉण्डची मुदत कुठलाही भंग न होता संपल्याचं. सोबत निकालाची प्रत. शेवटी एक अडचण निघाली, निकालपत्रात आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग मार्कशीटपेक्षा वेगळं होतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जोडलं आणि अर्ज मुंबईला गेला.