ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर, म्हणजे पेशंटवर आघात झालेला असू शकतो हे धरून वागण्याची पद्धत, सुरू करायची, तर स्टाफला कोणती थेरपी शिकवावी?

कुठलीच नाही. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करून आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) किंवा ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी) हे उपचार आहेत. ते प्रशिक्षित माणसानं ठरावीक पेशंटवर करायचे. तुम्ही केंद्रात जे आणू पाहताय ते रिसेप्शनिस्टपासून सायकिअ‍ॅट्रिस्टपर्यंत प्रत्येकाच्या वागण्याबद्दल आहे. साम्सा या अमेरिकी संस्थेनं 2014 मध्ये त्याची सहा तत्त्वं मांडली, ती तुम्ही वाचलेली असणारच. पण खरी परीक्षा होते ती पहिल्या मुलाखतीत, आणि नुकसानही तिथेच होतं.

'एकदा सगळं बोलून टाकलं की मन मोकळं होतं' हा समज आमच्या क्षेत्रातल्या ज्येष्ठांच्याही डोक्यातून जात नाही. तो चुकीचा आहे. आघातानंतर एकाच बैठकीत सगळं सांगायला लावण्याच्या पद्धतीवर, म्हणजे डीब्रीफिंगवर, नीट चाचण्या झाल्या आहेत. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात तिनं पीटीएसडी (आघातानंतर जडणारा मानसिक विकार) टळत असल्याचं दिसलं नाही. उलट एका चाचणीत वर्षभरानंतर पीटीएसडीचा धोका वाढलेला निघाला. तरीही केस पेपरवरचा रकाना भरायचा म्हणून अत्याचाराचा तपशील खोदून काढणं चालूच आहे.

मुलाखत अशी घ्या. पेशंटची खुर्ची दाराच्या वाटेत अडथळा न येता उठता येईल अशी ठेवा. कोण सोबत बसणार हे त्यालाच विचारा, आणि ते एकट्यात विचारा, कारण त्रास देणारा माणूसच सोबत आलेला असू शकतो. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही हे प्रश्न विचारण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर ती फसवणूक वाटते. मग म्हणा, "काही कठीण प्रसंग घडलेत का, एवढंच मला कळायला हवं. तपशील आज नको. उत्तर द्यायचं नसेल तरी चालेल." चाळणीसाठी पीसी-पीटीएसडी-5 ही छोटी प्रश्नावली पुरते: तसा प्रसंग घडलाय का हे आधी, आणि घडला असेल तर हो-नाहीचे पाच प्रश्न. प्रसंगाचं वर्णन लागतच नाही.

बोलता बोलता नजर एका जागी खिळली, आवाज सपाट झाला, उत्तरं तुटक यायला लागली, तर विषय तिथेच थांबवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे "डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या". गळा दाबला गेलेल्या किंवा बुडता बुडता वाचलेल्या माणसाचं लक्ष श्वासाकडे नेलं की भीती वाढू शकते, आणि डोळे मिटल्यावर प्रसंग आणखी स्पष्ट दिसू लागतो. डोळे उघडेच राहू द्या. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, तारीख आणि जागा तुम्ही स्वतः बोलून दाखवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. खांद्यावर हात ठेवू नका, कितीही मायेनं वाटलं तरी. शेवटची दहा मिनिटं घरी कसं जाणार, रात्री सोबत कोण आहे, यासाठी राखून ठेवा.

नर्स, ज्युनिअर डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट अशा तिघांना तीच कहाणी सांगायला लावू नका. एकानं लिहावं, पेशंटला वाचून दाखवावं, आणि त्याच्या परवानगीनं पुढच्यानं तेच वाचावं.

दाखल करून घेत असाल तर कशानं बिथरायला होतं आणि कशानं शांत वाटतं, हे पहिल्याच दिवशी विचारून फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. नाईट ड्युटीवाल्याला ते सापडायला हवं. ज्याच्यावर बळजबरी झाली आहे त्याला चार जणांनी धरून इंजेक्शन देणं म्हणजे तोच प्रसंग पुन्हा घडवणं. बांधून ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि तो वापरावा लागलाच तर पेशंट सावरल्यावर नेमकं कशामुळे भडका उडाला हे त्याच्याशी बोलून पहिल्या पानावर भर घाला.

आता दोन गोष्टी, नाहीतर याचा उलटा अर्थ काढला जाईल. आत्महत्येचे विचार, घरात आजही चालू असलेली मारहाण, मुलांना असलेला धोका, हे पहिल्याच भेटीत थेट विचारायचं. 'खोदायचं नाही' हा नियम इथे लागू नाही. आणि पेशंट स्वतःहून सांगू लागला तर त्याचं तोंड बंद करू नका. ऐका, फक्त मध्ये मध्ये थांबवून विचारा, "इथपर्यंत ठीक आहे ना? पुढे सांगायचंय की आज एवढंच?"