तळपायाची कमान दुखते, तत्कार कसा करू?

प्रश्न: ताई, मी धरमपेठेत कथक शिकते, परीक्षेसाठी रोज दोन तास तत्कार, म्हणजे तालावर पाय आपटायचा सराव, सुरू केला तेव्हापासून डाव्या पायाची कमान दुखतेय, सकाळी पहिलं पाऊल टाकलं की कळच येते. क्लास बंद करू का?

उत्तर: अगं, बंद नको, पण कमी कर, आजपासूनच. सकाळची ती कळ म्हणजे बहुतेक टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावलाय, प्लांटर फॅसायटिस म्हणतात त्याला. पलंगावरून उतरायच्या आधीच पाय मांडीवर घे, बोटं नडगीकडे ओढ, अंगठ्याने कमान चाचपलीस तर दोरीसारखी ताठ लागेल, 10 सेकंद धर, असं 10 वेळा. पोटऱ्यापण ताण, त्या आखडल्या की तळव्यावर ताण वाढतो, आणि हेच क्लासमध्ये फार कमी सांगतात गं. नागपूरच्या उन्हाळ्यात फ्रीजरमध्ये बाटली असतेच, ती टॉवेलमध्ये गुंडाळून तळव्याखाली 10 मिनिटं फिरव. टाइल्सवर तत्कार नको, लाकडी फ्लोअर बघ, घुंगरू थोडे दिवस बांधू नको. सूज असेल किंवा हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की जीव जात असेल तर ऑर्थोपेडिककडे जाच, हाडाला बारीक चीर असू शकते, मग नाचायचं नाही म्हणजे नाही.