बागेत प्रकाश सापळा लावतो. त्यात येणाऱ्या पतंगांच्या आणि इतर किड्यांच्या नोंदी कशा ठेवाव्यात? बहुतेक तर ओळखूच येत नाहीत.

तुम्ही लिहिलंय की महिनाभर सापळा लावताय, सकाळी दिव्याखालच्या पेटीत ठेवलेल्या अंड्यांच्या ट्रेमध्ये शंभरेक किडे बसलेले असतात, पण नावानिशी दहा-बाराच ओळखता येतात, म्हणून वही कोरीच राहिली आहे. मी अकरा वर्षं हाच उद्योग करतोय आणि माझ्या पहिल्या दोन वह्या जवळजवळ निकामी आहेत. म्हणजे या प्रश्नावर बोलायचा थोडाफार अधिकार आहे.

त्या वह्यांमध्ये मी फक्त ओळखू आलेले पतंग लिहिले. एखादा दांडगा हॉक मॉथ आला की अर्धं पान भरायचं आणि नखाएवढ्या करड्या पतंगांना काट. ज्या रात्री काहीच आलं नाही त्या रात्रीचं पानच नाही. आता त्या चाळल्या तर अमुक पतंग त्या वर्षी नव्हता, की होता पण मला ओळखता आला नाही, की मी सापळाच लावला नव्हता, यातलं काहीच सांगता येत नाही.

म्हणून नावं राहू द्या, आधी रात्र लिहा. सापळा कुठे होता, किती वाजता लावला, कधी बंद केला, दिवा कोणता आणि किती वॅटचा, रात्रीचं किमान तापमान, वारा, ढग, पाऊस, चंद्र. तारीख संध्याकाळची धरायची. सकाळी डोळे चोळत मोजताना हात आपसूक आजची तारीख लिहून जातो, त्यामुळे मी सरळ ‘१४/१५’ अशी जोडतारीख टाकतो. चंद्र आणि हवा ही भरताड नाही. लख्ख चांदण्यात सापळा ओस पडतो. ढगाळ, उबदार, वारा पडलेल्या रात्री ट्रेमध्ये जागा उरत नाही. हवा लिहिलेली नसेल तर कालचे बारा आणि आजचे नव्वद यांची तुलना कशाच्या जोरावर करणार? आणि शून्य आलं तर शून्य लिहा.

दिव्याचं तर मी चांगलंच भोगलंय. एकदा हंगामाच्या मध्यावर मर्क्युरीचा १२५ वॅटचा दिवा काढून अतिनील एलईडीची पट्टी लावली आणि वहीत टिपलं नाही. आकडे निम्म्यावर आले. पुढच्या वर्षी आलेख काढला आणि बागेतले पतंग संपत चालले म्हणून दोन महिने हळहळत बसलो! सापळा बागेत किती पतंग आहेत ते मोजत नाही, दिव्याजवळून जाताना किती अडकले ते मोजतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं की उडते किडे पाठ उजेडाकडे वळवतात. एरवी रात्री उजळ बाजू म्हणजे आकाश, म्हणजे वर. दिवा जवळ आला की हाच हिशेब चुकतो, किडा कलतो आणि घिरट्या घालत राहतो. दिवा, त्याची उंची, मागची भिंत, काहीही बदललं तर आकडाही बदलू शकतो. बदला हवं तर, पण लिहा.

आता अनोळखी पतंग. त्यांना क्रमांक द्या. ‘अनोळखी ७’, पंखांची लांबी, संख्या, फोटो. तोच पुन्हा आला की तोच क्रमांक. माझ्या ‘अनोळखी २३’ला चौथ्या वर्षी नाव मिळालं आणि मागच्या सगळ्या नोंदींना एका फटक्यात लागू झालं. त्या नोंदी केल्याच नसत्या तर नाव कशाला लावणार होतो? फोटो आलेख कागदावर घ्या, वरून एक आणि बाजूने एक, शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, दिसतील असा. चुळबुळ करत असेल तर डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही.

ॲपने सुचवलेलं जातीचं नाव मात्र डोळे मिटून उतरवू नका. ॲक्रोनिक्टा साय आणि ॲक्रोनिक्टा ट्रायडेन्स हे दोन पतंग पंखांवरून खात्रीने वेगळे काढता येत नाहीत, जननेंद्रियं तपासावी लागतात. गंमत म्हणजे त्यांच्या अळ्या एका नजरेत वेगळ्या ओळखू येतात. अशा वेळी ‘साय किंवा ट्रायडेन्स’ लिहायचं. कुळापर्यंतच पोचलात तर कूळ लिहा.

एकेकटे आलेले पतंग ‘चुकून आला असेल’ म्हणून सोडू नका. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या प्रकाश सापळ्यातले चार वर्षांचे १५,६०९ पतंग घेऊन फिशर, कॉर्बेट आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी १९४३ साली जातींच्या विविधतेचं गणित मांडलं. त्यात २४० जाती होत्या आणि ३५ जातींचा अवघा एकेक पतंग मिळाला होता. ते वगळले असते तर गणिताचा पायाच गेला असता.

पतंग सोडून जे येतं त्यावर माझा विशेष जीव आहे. कॅडिसफ्लाय आणि मेफ्लाय हे उडते किडे आले की समजायचं, जवळ कुठेतरी पाणी आहे, कारण त्यांचं बालपण पाण्यात जातं. पाण्यातले ढेकूणही रात्री उडत येतात. मेलेले प्राणी पुरणारा भुंगा अंगावर माइट्सची, म्हणजे कोळ्याच्या नात्यातल्या बारीक जीवांची, वरात घेऊन येतो. ते भुंग्याला खायला नव्हे, फुकट प्रवासाला बसलेले असतात. सगळं मोजणं अशक्य असेल तर कोणते गट मोजणार ते आधीच ठरवा आणि वर्षभर तेच ठेवा. चिलटं ‘खूप’ असं लिहू नका, ‘अंदाजे ४००’ लिहा.

रोज सापळा लावू नका. तेच पतंग पुन्हा अडकतात आणि त्यांचं खाणं, जोडीदार शोधणं बुडतं. मी आठवड्यातून एक ठरलेली रात्र लावतो. सकाळी ऊन चढायच्या आत मोजून दाट झुडपात सोडा, दर वेळी वेगळ्या, नाहीतर पक्ष्यांना ताट वाढलेलं कळतं. मर्क्युरी दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावू नका. आणि ट्रे उचलताना खालून बोटं घालू नका. गांधीलमाशीही उजेडाला येते, आणि मला ते वहीतून नाही, अंगठ्यावरून कळलं.