लोणावळ्याला उतरायचं होतं

'मावशी, मी 34 वर्षांची, नवरा 37 चा. लग्नाला 9 वर्षं झाली. सिंहगड रस्त्याला सासूबाईंसोबत राहतो, मुलगी 6 वर्षांची. एकाआड एक रविवारी सासूबाई तिला ठेवून घेतात आणि आम्हाला म्हणतात, "जा, दोघं जरा फिरून या." कुठे जायचं ते नवरा ठरवतो. त्याने मला जुन्या बाजारात नेलं, पहाटे पाचला उठवून कवडीपाटला पक्षी बघायला नेलं, दसऱ्याच्या आधी मार्केट यार्डाच्या फुलबाजारात नेलं. लग्नाच्या वाढदिवसाला मी नवी साडी नेसून निघाले, तर पुणे स्टेशनवर लोणावळा लोकलमध्ये बसवलं. लोणावळा आलं, आम्ही उतरलोही नाही, त्याच गाडीने परत आलो. धाकटी जाऊ कोरेगाव पार्कात जेवायला जाते, मेणबत्त्यांचे फोटो स्टेटसला ठेवते आणि मला विचारते, "तुम्ही कुठे गेला होतात?" मी खोटं सांगते. मागच्या वेळी एका कॅफेचं नाव सांगितलं. नवरा चांगला आहे, व्यसन नाही, आवाज चढवत नाही. मग त्या दिवशी घरी येऊन मी न्हाणीघरात का रडले? माझंच चुकतंय का?'

(पत्र पाच पानी होतं. इथे थोडक्यात दिलं आहे.)

अगं पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. जावेच्या मेणबत्त्यांना तू दोन ओळी दिल्या आहेस आणि कवडीपाटला दीड पान. पाण्यावर फेस होता, वास मारत होता, तू ओढणी नाकाला लावून बंधाऱ्यावर उभी होतीस. 'आता परत जाऊ या' असं म्हणणार, तेवढ्यात त्याने तुझा हात दाबला आणि समोर नारिंगी रंगाच्या दोन पक्ष्यांची जोडी पाण्यावर उतरली. हे तू असं लिहिलं आहेस की मला इथे बसून ती जोडी दिसली. ज्या बाईला ती सकाळ आवडली नाही, तिच्या हातून असं उतरत नाही.

ते पक्षी म्हणजे चक्रवाक. ब्राह्मणी बदकही म्हणतात त्यांना. लडाख, तिबेटकडच्या थंड प्रदेशातून हिवाळ्यात आपल्याकडे येतात आणि बहुतेक वेळा जोडीनेच दिसतात. संस्कृत काव्यात चक्रवाकाच्या जोडीला शाप आहे. रात्र झाली की दोघांची ताटातूट, एक नदीच्या या काठावर, दुसरा त्या काठावर. रात्रभर एकमेकांना हाका मारायच्या आणि पहाट झाली की भेटायचं. तुझ्या नवऱ्याला ही गोष्ट माहीत आहे की नाही, कोण जाणे. पण पहाटेच्या त्या वेळी त्याने तुला नेमकं तिथे उभं केलं होतं.

आता तिसऱ्या पानावरचं तुझंच एक वाक्य तुला परत देते. तू सहज लिहून गेलीस की त्याचे वडील रेल्वेत होते आणि तो दौंडला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वाढला. त्या वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्या. दौंड म्हणजे जंक्शन. दिवसरात्र गाड्या, आणि गावाला लागून भीमा नदी. हिवाळ्यात त्या नदीवर हेच पक्षी उतरत असणार. जुन्या बाजारात एका बंद रेडिओवर तो तासभर घासाघीस करत होता म्हणून तू वैतागलीस. त्याला विचारलंस का, घरी असा रेडिओ होता का? मला वाटतं तो तुला फिरायला नेत नाही, त्याच्या लहानपणात नेतो आहे. लोकलच्या खिडकीशी बसून पिंपरी, आकुर्डी, देहू रोड, तळेगाव, कामशेत, मळवली अशी स्टेशनं एकामागून एक जाताना बघणं ही त्याच्या दृष्टीने सणाची गोष्ट असेल. पुणे-लोणावळा हे अंतर 64 किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन तीन तास तो तुझ्या शेजारी बसला होता आणि, तूच लिहिलं आहेस, फोन एकदाही खिशातून काढला नाही.

पण एवढ्यावर मी तुला 'बघ, किती गुणी नवरा आहे' असं सांगून गप्प करणार नाही. तुझ्या रडण्याचं कारण खरं आहे. तू नवी साडी नेसली होतीस. सकाळी उठून, केस धुऊन, मनात काहीतरी धरून निघाली होतीस. लोणावळ्याला गाडी थांबली तेव्हा तुला उतरायचं होतं. कुठेतरी बसून गरम काहीतरी खायचं होतं, साडीकडे कुणीतरी बघायला हवं होतं. तो म्हणाला, 'हीच गाडी परत जाते, बसू या,' आणि तू बसून राहिलीस. त्याने विचारलं नाही आणि तू बोलली नाहीस. रडू त्या गाडीतलं होतं, घरी येईपर्यंत तू ते दाबून धरलंस.

तुझ्या पत्रात दोन दुःखं एकाच गाठोड्यात बांधली आहेत, ती आधी सोडव. एक आहे जावेसमोरची लाज. दुसरं, कुठे जायचं हे तुला कधीच कुणी विचारत नाही. पहिल्याचं ओझं तू उगाच वाहते आहेस. दुसरं मात्र नवऱ्याशी बोलायलाच हवं, आणि लवकर.

हे मी इतक्या खात्रीने का म्हणते, ते सांगते. माझं लग्न झालं तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत वाड्यातल्या दोन खोल्यांत सात माणसं राहत होतो. नवराबायकोने बाहेर फिरायला जाण्याची पद्धत घरात नव्हती. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं दळण घेऊन निघायचो. गिरणी कोपऱ्यावर होती, पण ह्यांनी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं की तिथलं पीठ जाड येतं, म्हणून लांबच्या गिरणीत जायचं. गव्हाचा डबा ह्यांच्या खांद्यावर, ज्वारीची पिशवी माझ्या हातात. गिरणीत नंबर लागेपर्यंत पाऊण तास. पट्ट्याचा आवाज इतका की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड बोलणी मी त्या आवाजात ऐकली आहेत. परतताना डबा गरम असायचा आणि आमच्या दोघांच्या केसांवर पीठ.

पुढे स्कूटर आली, पगार वाढला, वेगळं बिऱ्हाड झालं. ह्यांना वाटलं, आता हिला सुखात ठेवावं. मग दर रविवारी संध्याकाळी एका बागेतल्या हॉटेलात जेवण. पांढरे टेबलक्लॉथ, वाट बघणारा वेटर, शेजारच्या टेबलावर ओळखीचं कुणीतरी. मी तिथे अकरा वर्षं जेवले. मला ते कधीच आवडलं नाही आणि मी कधीच सांगितलं नाही, कारण माणूस हौसेने नेतोय, त्याचा विरस कशाला करायचा. एकदा तापात पडले होते तेव्हा बोलून गेले, की मला गिरणीची आठवण येते. हे पलंगाच्या कडेवर बसले होते. म्हणाले, 'मलाही. पण मला वाटलं, तुला हॉटेल आवडतं.' अकरा वर्षं, दर रविवारी, दोन माणसं एकमेकांसाठी नावडत्या जागी जात होती. हे आठवलं की अजूनही माझा जीव कळवळतो. म्हणून तुला घाई करायला सांगते आहे.

अमेरिकेत आर्थर ॲरन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली 53 विवाहित जोडप्यांवरचा एक अभ्यास छापला. काही जोडप्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला दीड तास, सुखद आणि ओळखीच्या गोष्टी एकत्र करायला सांगितल्या. काहींना उत्साह वाटेल, जरा वेगळं वाटेल अशा गोष्टी दिल्या. दहा आठवड्यांनी दुसऱ्या गटातल्या जोडप्यांचं संसारातलं समाधान पहिल्या गटापेक्षा जास्त वाढलेलं दिसलं. तुझ्या नवऱ्याने हे वाचलं तर तो खूश होईल. पण त्याला पुढची गोष्टही वाच म्हणावं. त्या यादीतल्या गोष्टी संशोधकांनी मनाने दिल्या नव्हत्या आणि एका जोडीदाराच्या आवडीवरही ठरवल्या नव्हत्या. नवराबायकोने वेगवेगळं बसून आपापल्या खुणा केल्या होत्या आणि ज्यावर दोघांच्याही खुणा पडल्या तेवढंच घेतलं होतं. तुमच्याकडे खुणा करणारं माणूस आजवर एकच आहे.

तेव्हा येत्या आठवड्यात मुलगी झोपल्यावर दोन कागद घ्या. त्याने त्याला जावंसं वाटतं ते लिहावं, तू तुला वाटतं ते. एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही. मग अदलाबदल करून दुसऱ्याच्या कागदावर खुणा करा. तुझ्या कागदावर कोरेगाव पार्क येऊ दे ना! मेणबत्तीच्या उजेडात नवऱ्यासमोर बसून जेवावंसं वाटणं यात हलकं काहीच नाही. फक्त लिहिण्याआधी मनाला एक विचार, की तिथे फोटो काढायला मनाई असती तरी मला जायचं असतं का? 'हो' आलं तर ठळक अक्षरात लिही आणि त्याने ती साडी आठवणीने पुन्हा नेसायला सांगावी. 'नाही' आलं तर ते वाक्य जावेचं आहे, तुझं नाही.

आणि त्याच्याशी बोलताना सुरुवात 'तू नेहमी' अशी करू नकोस. 'त्या दिवशी मला लोणावळ्याला उतरायचं होतं' एवढंच म्हण. नऊ वर्षांत आवाज न चढवलेला माणूस हे वाक्य ऐकेल. कदाचित गप्प होईल, त्याला वाईटही वाटेल. वाटू दे. लगेच 'जाऊ दे, काही नाही' म्हणून सावरायला जाऊ नकोस. तो गप्प असेपर्यंत तूही गप्प बस. मग त्याला दौंडचं विचार.

एक वाट मला सुचते, दोघांचं मन राहील अशी. गाडी तीच, लोणावळा लोकल. पण या वेळी एक स्टेशन अलीकडे, मळवलीला उतरा. एका बाजूला भाजे लेणी, चालत जाण्याइतकी जवळ. दुसऱ्या बाजूला कार्ले. तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत, साडीपेक्षा सलवार कमीज बरा. एकवीरेचं दर्शन घ्या आणि शेजारच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीपुढे थोडा वेळ उभे राहा. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी तिथे दगडात जोडपी कोरली आहेत. भरदार अंगाची, दागिने घातलेली, अगदी शेजारी शेजारी उभी. एवढ्या मोठ्या धर्मस्थळाच्या दारात शिल्पकाराला स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोराव्याशा वाटल्या, हे मला प्रत्येक वेळी फार आवडतं. खाली उतरून पोटभर जेवा. जेवायची जागा तू निवड.

जावेचं म्हणशील, तर ती दुष्टपणाने विचारते असं मला पत्रावरून वाटलं नाही. पुढच्या वेळी तिने विचारलं की खरं सांग. 'कवडीपाटला गेलो होतो, चक्रवाक बघितले.' बस्स. समजवत बसू नकोस, 'त्याला आवडतं म्हणून' अशी पुस्ती जोडू नकोस. कॅफेचं नाव सांगून तू स्वतःला वाचवते आहेस असं तुला वाटतं, पण त्या खोट्यामागे नवऱ्याला लपवते आहेस. त्याच्या कानावर ते कधीतरी जाईल आणि तेव्हा त्याला लोकलच्या दिवसापेक्षा जास्त लागेल.

आणि लोक हसतील अशी भीती वाटली तर बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन ये. जुने दिवे, अडकित्ते, दौती, दारांच्या चौकटी, वाद्यं. 20 हजारांहून जास्त वस्तू दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या आणि कमलाबाई, त्यांच्या पत्नी, या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. इतरांनी अडगळ म्हणून टाकलेल्या वस्तूंसाठी हे जोडपं हिंडत होतं, तेव्हा त्यांनाही कुणी ना कुणी विचारलं असेलच, 'तुम्ही कुठे गेला होतात?' जुन्या बाजारात नवरा पुढच्या वेळी रमला तर तूही एक वस्तू शोधायला घे. दिवा, अडकित्ता, काहीही. पाय दुखले की मात्र सांग, 'आता मला बसायचंय.' तो बसवेल.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्याशिवाय यातलं काही घडलं नसतं. कधी येताना त्यांच्यासाठी फुलबाजारातून निशिगंध आण.

चक्रवाक मार्चच्या सुमारास परतीला लागतात. त्याआधीच्या एका रविवारी कुठे जायचं ते तू ठरव, आणि उतरलात कुठे ते मला कळव. वाट बघते.

तुझी,
मावशी